बांधलेल्या हाताचं कौतुक

रेंजवर फायरिंग लाइनच्या मागे बाकावर बसून नातीचा सराव बघणाऱ्या एका आजोबांनी मध्यंतरी मला विचारलं, "हात बांधूनच मारायचं, तर मग त्यात कौतुक ते काय?" विचारण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. नात समोर मॅटवर पालथी पडून 50 मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरत होती. डाव्या दंडावर आवळलेलं पट्ट्याचं कडं, तिथून निघून मनगटाला घासत रायफलीच्या पुढच्या भागाखाली अडकवलेला पट्टा, आणि या दोहोंच्या मध्ये चेपलेला तिचा पंजा. रायफल हातात धरली आहे असं वाटतच नव्हतं, हातच रायफलीला जुंपलेला दिसत होता. मी म्हटलं, "नियमात बसतं, आजोबा." त्यांनी मान डोलावली. पुढे बोलण्यात अर्थ नाही असं ठरवल्यावर माणसं डोलावतात, तशी. माझं उत्तर खरं होतं, पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. पट्ट्याने रायफल धरली तर मग नेमबाजाने काय केलं, असा तो साधा प्रश्न होता, आणि तो अजून माझ्या मागे लागलेला आहे. विशेषतः जॅकेट चढवताना.

कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आत जाड स्वेटशर्ट, त्यावर कॅनव्हास आणि चामड्याचं ते ताठ जॅकेट. बाही दंडापाशी गोळा झाली असेल तर आधी ती खाली ओढून सपाट करायची. तिथे राहिलेली एक घडी पहिल्या दहा शॉट्सना जाणवत नाही आणि चाळिसाव्याला जीव नकोसा करते. मग पट्ट्याचं कडं दंडात घालायचं, हवं त्या उंचीवर सरकवायचं, घसरू नये म्हणून बाहीवरच्या हुकात अडकवायचं आणि आवळायचं. चामडं असेल तर आवळताना एक बारीक करकर ऐकू येते, आणि जुन्या घामाचा, तेलाचा, थोडा कुबट असा वास नाकाशी येतो. सिंथेटिक पट्ट्याला ना वास ना आवाज. मग आडवं व्हायचं. शरीर नेमाच्या रेषेला किंचित तिरपं, उजवा गुडघा थोडा वर ओढलेला, म्हणजे छाती-पोट जमिनीवरून जरा उचललं जातं आणि श्वासाला जागा मिळते. डावं कोपर टेकवायचं. पट्ट्याचं मोकळं टोक हँडस्टॉपच्या, म्हणजे पंजा अडावा म्हणून रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावलेल्या तुकड्याच्या, कडीत अडकवायचं. पंजा पट्ट्याच्या आतून फिरवून पुढे सरकवायचा तो थेट हँडस्टॉपला जाऊन टेकेपर्यंत. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात रायफलीचं वजन येऊन बसतं, पट्टा मनगटाच्या मागच्या बाजूवर सपाट पडतो. आणि शेवटी उजव्या हाताने रायफल जरा पुढे रेटून बट, म्हणजे तिचं मागचं टोक, खांद्यात बसवायचा. इथे थोडं बळ लागलंच पाहिजे. बट अलगद जाऊन बसला, तर पट्टा सैल आहे हे रायफल हातात घेतल्या घेतल्या कळतं.

हे सगळं झाल्यावर पहिली एक-दोन मिनिटं हात भरून येतो. बोटं जड होतात, ग्लोव्हच्या आत तळव्याला ऊब सुटते. सवय नसलेल्याला वाटतं काहीतरी चुकलंय.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी? 50 मीटरच्या लक्ष्यावर मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. नेम धरायला दिलेला काळा गोल मोठा, 112.4 मिलिमीटरचा, पण गोळी जायची असते ती त्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत. हिशोब करून बघितला तर घाबरायला होतं. खांद्यापासून नळीचं तोंड साधारण एक मीटर लांब आहे असं धरलं, तर ते तोंड एक दशांश मिलिमीटर हललं की गोळी लक्ष्यावर 5 मिलिमीटर सरकते. म्हणजे नेम बरोबर मध्यावर असला, तरी एवढ्याने तुम्ही दहाच्या काठावर. आणि रायफल केवढी, तर सगळा सरंजाम लावून नियमाच्या 8 किलोंच्या मर्यादेला सहज भिडणारी. एवढं वजन स्नायूंच्या बळावर, इतक्या बारीक मापात, एकामागून एक 60 शॉट्स स्थिर ठेवता येत नाही. स्नायूचा स्वभावच तो नाही. ताणलेला स्नायू आतल्या आत सतत आखडत-सुटत असतो, डोळ्याला न दिसणारी थरथर त्यात असतेच, आणि तो दमला की ती वाढते. हाडाला मात्र दमणं माहीत नाही. म्हणून कोपर जमिनीवर, त्यावर उभी केलेली पुढच्या हाताची हाडं, त्यावर रायफल. आणि हा खांब पुढे कोसळू नये म्हणून दंडापासून हँडस्टॉपपर्यंत ताणलेला पट्टा. दंड, पुढचा हात आणि पट्टा यांचा एक त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या तीन बाजू पक्क्या असल्या की त्याला आकार बदलता येत नाही, हे शाळेतल्या भूमितीत शिकलेलं इथे दंडावर वळ उमटेपर्यंत कळतं.

म्हणजे आजोबा म्हणत होते तेच खरं की. वजन पट्टा आणि हाडं उचलतात. मग मी काय करते?

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पट्ट्याबद्दल कमी बोलायच्या आणि बोटांबद्दल जास्त. पोझिशन लावून झाली की त्या शेजारी उकिडव्या बसत आणि रायफलीखालचं आमचं एकेक बोट उचलून बघत. बोट सहज उचललं गेलं तर काही न बोलता पुढच्या बोटावर. एखादं अडलं, जरा जरी रायफलीला चिकटून राहिलं, की म्हणत, "हे काय धरून बसलंय? सोड त्याला." सोडलं की पुढच्या साइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमदर्शकाच्या, कड्यातला काळा गोल हमखास हलायचा. वर, बहुतेकदा, कारण नळी खाली बसायची. ते बोट आपल्या नकळत किती वजन उचलत होतं याचा तो पुरावा. डाव्या हाताला मदत करायची भारी खोड असते. जन्मभर त्याने तेच केलेलं असतं. पडणारी वस्तू सावरायची, जड वस्तूला आधार द्यायचा. त्याला एकाएकी सांगायचं की तू इथे फक्त हजर राहा, बाकी काही करू नकोस, तर तो ऐकत नाही. तोंडी सांगून तर नाहीच. पट्टा इतका नेमका लावावा लागतो की हाताची खात्री पटली पाहिजे, आपण सोडलं तरी ही पडत नाही. थोडा जरी सैल असला तरी हाताला ते आधी कळतं, डोक्याला नंतर, आणि तोवर बोटं वळलेली असतात. स्लिंग, हा पट्टा, नीट लावणं म्हणजे आपल्याच हाताची समजूत काढणं, असं मला आता वाटू लागलंय, आणि ती रोज नव्याने काढावी लागते.

नव्याने पट्टा लावायचा असेल तर मॅडमची एक पद्धत होती, ती मला अजून सगळ्यात शहाणपणाची वाटते. आधी पट्ट्याशिवाय पोझिशन. मॅटवर पडायचं, रायफल उचलायची, कोपर, खांदा, गाल, मान सगळं जिथे आपसूक जातं तिथे जाऊ द्यायचं, डोळा साइटच्या मागे मान न ताणता येतोय ना बघायचं. डाव्या पंज्याची जागा तिथे ठरते. तिथवर हँडस्टॉप आणून घट्ट करायचा. त्यानंतर पट्टा, आणि तोही आधी लांब ठेवून. मग एकेक भोक कमी करत जायचं, हाताचं काम हळूहळू पट्ट्याकडे जाईपर्यंत. उलट करणारे पुष्कळ असतात. आधी पट्टा करकचून आवळतात आणि मग शरीर त्यात कोंबतात. दिसायला घट्ट दिसतं, पण शरीर कुठेतरी रागावलेलं असतं, आणि तो राग पंधरा-वीस शॉट्सनंतर लक्ष्यावर उमटतो.

लांबी आणि हँडस्टॉप ही दोन टोकं एकमेकांना सोडत नाहीत, इथेच खरी मजा आहे. पट्टा आखडला की पंजा मागे आणि वर येतो, नळी वर उचलली जाते. सैल सोडला की खाली. हँडस्टॉप पुढे सरकवला की हात लांबतो, रायफल खाली बसते आणि पट्टा आपोआप ताणला जातो. मागे आणला की रायफल वर आणि पट्टा ढिला. एकाला हात लावला की दुसऱ्याची खबर घ्यावीच लागते. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगायला नको: खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि उरलेलं मण्याने. पट्ट्याची भोकं म्हणजे खुंटी, एका भोकाची उडी मोठी असते. मधला सूर हवा असेल तर हँडस्टॉप रायफलीखालच्या रेलवर दोन-तीन मिलिमीटर हलवून मिळतो. आणि सूर लागला हे कळतं कसं? डोळे मिटायचे. श्वास घ्यायचा, सोडायचा, अंग सैल टाकायचं, आणि डोळे उघडून बघायचं साइटच्या कड्यात काय आहे. काळा गोल मधोमध असेल तर ठीक. डावी-उजवीकडे असेल तर डावं कोपर न हलवता कंबर सरकवायची. वर-खाली असेल तर श्वास थोडा अधिक किंवा उणा सोडून भागतंय का बघायचं, नाहीतर हँडस्टॉप. हाताने ढकलून गोल मध्यावर आणणं ही एकच गोष्ट करायची नाही, आणि नेमकी तीच करायला बोटं शिवशिवतात.

गोळी सुटल्यावर पट्टा आणखी एकदा बोलतो. धक्क्याने नळी उडते आणि परत बसते; सगळं जागेवर असेल तर ती सरळ वर जाऊन त्याच काळ्या गोलावर उतरते. बाजूला गेली तर कुठेतरी ताण वाकडा आहे. बसता बसता दर वेळी थोडी खालीच बसायला लागली, तर कडं दंडावरून घसरतंय. सुरुवातीचे शॉट्स सुंदर एकात एक, आणि मग ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, हळूहळू खाली लांबत जातो. साइटच्या बटणांना दोष देत लोक क्लिक फिरवत बसतात आणि बिचारं कडं बोटभर खाली आलेलं असतं. म्हणून बाहीवरचा हुक.

नाडीचं प्रकरण याहून नाजूक.

दंडाच्या आतल्या बाजूने, दोन स्नायूंच्या मधल्या खाचेतून हाताची मुख्य धमनी जाते. डॉक्टर रक्तदाब मोजताना दंडाला जो पट्टा आवळतात तो हिच्यासाठीच. आपणही दंडालाच पट्टा आवळतो, आणि त्याचं दुसरं टोक थेट रायफलीला बांधतो. परिणाम असा की कडं त्या खाचेवर दाबून बसलं तर हृदयाचा प्रत्येक ठोका दंडातून पट्ट्यात, पट्ट्यातून रायफलीत आणि रायफलीतून डोळ्यासमोर. साइटच्या कड्यातला काळा गोल टक्, टक् असा एका लयीत उडताना दिसतो. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा नेम धरायचं विसरून मी नुसती बघत राहिले होते. स्वतःचं हृदय असं समोर, बाहेर, 50 मीटरवरच्या गोलावर नाचताना कोण बघतं? थोडं भारावल्यासारखं झालं आणि लगेच चीडही आली, कारण या पाहुण्याला घालवायचं कसं ते कळेना. छातीवर हात ठेवून थांब म्हणता येत नाही. उलट थांबावं असं वाटायला लागलं की ते जोरात धावतं, आणि सामन्यात तर धावतंच.

उपाय आहेत, पण एकही सगळ्यांना लागू पडत नाही. कडं दंडावर अगदी वर, खांद्याच्या गोल स्नायूजवळ न्यायचं, जिथे धमनीवर मांसाचं पांघरूण जाड असतं. किंवा उलट खाली, कोपराच्या थोडं वर आणायचं. मधली जागा, जिथे कडं आपणहून जाऊन बसतं, ती बहुतेकांसाठी सगळ्यात वाईट. कडं असं फिरवायचं की पट्टा दंडाच्या बाहेरच्या अंगाने निघेल आणि ओढ बाहेरच्या, मागच्या मांसावर पडेल, आतल्या खाचेवर नाही. स्वेटशर्ट जाड घ्यायचा. आणि मुळात गरजेपेक्षा जास्त आवळायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी पाळलं जाणारं. घट्ट म्हणजे स्थिर ही समजूत डोक्यातून जाता जात नाही. खरं तर कडं दंडाला फक्त जागेवर राहण्यापुरतं घट्ट हवं. ताण हवा तो कडं आणि हँडस्टॉप यांच्या मधल्या लांबीत. दंडाची मूठ आवळणं आणि पट्टा ताठ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच बकलने होत नाहीत, हे लक्षात यायला वेळ लागतो.

दुखण्याबद्दलही कुणीतरी मुलांशी सरळ बोलायला हवं. सहन करणं म्हणजे शिस्त असा एक गैरसमज रेंजवर वावरत असतो. हात भरून येणं, जड होणं, सामना संपल्यावर दंडावर तांबडा पट्टा उमटलेला दिसणं, हे होतंच. पण बोटांत मुंग्या येणं, करंगळीकडची बाजू बधिर होणं, ग्लोव्ह काढल्यावर पंजा निळसर दिसणं ही नसेवर किंवा रक्तावर दाब पडल्याची खूण आहे. ते सोसून कुणी मोठं होत नाही. बधिर हाताला आपण रायफल धरून बसलोय की सोडलीय हेही कळत नाही, मग समजूत काढायची कुणाची? अशा वेळी पट्टा काढून, हात झटकून, पुन्हा पहिल्यापासून लावणं बरं. आडव्या स्थितीतल्या 60 शॉट्सच्या सामन्याला इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर 50 मिनिटं मिळतात, त्याआधी तयारीची आणि साइटर्सची, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या शॉट्सची, 15. दोन मिनिटं जातात, पण बरी जातात.

आणि आता नियम, कारण माझं उत्तर तिथूनच निघालं होतं. नियमपुस्तक वाचताना जाणवतं की आजोबांचा प्रश्न त्यांच्या कितीतरी आधी कुणाकुणाच्या मनात येऊन गेलेला आहे. पट्ट्याची रुंदी 40 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तो डाव्या दंडावरूनच निघेल आणि रायफलीच्या पुढच्या भागाला एकाच ठिकाणी जोडला जाईल. पंजा किंवा मनगटाच्या एकाच बाजूने जाईल, वेटोळं घालून नाही. कडी आणि हँडस्टॉप सोडून रायफलीचा कुठलाही भाग पट्ट्याला टेकायला नको. बाहीवर हुक एकच. ग्लोव्हच्या पुढच्या-मागच्या थरांची जाडी मिळून 12 मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. आडव्या स्थितीत पुढचा हात जमिनीशी 30 अंशांपेक्षा कमी कोन करणार नाही. कारण हात जितका खाली, तितकी रायफल जमिनीच्या जवळ, आणि तितकी ती जमिनीवर ठेवल्यासारखीच स्थिर. (हे सगळं उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी आरशात वाचावं.) प्रत्येक कलमामागे कुणीतरी पट्ट्याकडून आणखी थोडं काम करून घ्यायला बघितलेलं असणार, असं वाचताना सारखं वाटतं. मदत किती घ्यायची, याची सीमा मिलिमीटर आणि अंशांत आखून दिलेली आहे. उभ्याने मारताना तर एवढी मदतही नाही. तिथे पट्ट्याला पूर्ण बंदी. एअर रायफलवाले उभ्यानेच मारतात, त्यामुळे आयुष्यभर स्लिंगविना राहतात, आणि आमच्याकडे बघून कधीकधी त्या आजोबांसारखंच हसतात.

आडव्या स्थितीत माणूस किती अचूक होऊ शकतो हेही या पट्ट्यानेच दाखवलं. 60 शॉट्स, सगळे दहा, 600 पैकी 600, असे निकाल एकदा नाही, अनेकदा लागले. मग 2013 पासून पात्रता फेरीतही दशांश मोजायला लागले. दहाच्या आत 10.0 ते 10.9, म्हणजे कमाल बेरीज 654.0. वरची भिंत आली की ती आणखी वर सरकवायची. ऑलिम्पिकमधली ही स्वतंत्र स्पर्धा 2016 च्या रिओनंतर बंद झाली. शेवटचं सुवर्ण जर्मनीच्या हेन्री युंगहेनेलचं. बंद झाली तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण आमच्यातही काही जण म्हणालेच, बघायला काय असतं त्यात, माणूस पडून राहतो. पट्टा आता ऑलिम्पिकमध्ये उरला आहे तो तीन पोझिशनच्या स्पर्धेत. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक जिंकलं ती हीच. अंतिम फेरी बघताना लोकांचं लक्ष गुणांवर होतं, माझं बराच वेळ दंडाकडे. आधी गुडघ्यावर, मग आडवं, दोन्हीकडे पट्टा; आणि मग उभं राहताना तो नाही, त्याच 50 मीटरवर, तेवढ्याच दहासमोर. त्या क्षणी हाताला काय वाटत असेल? इतका वेळ काही करू नकोस म्हणून बजावलेलं, आणि आता एकदम ये.

गुडघ्यावरची गोष्ट आणखी वेगळी. उजव्या घोट्याखाली तो गोल रोल, जास्तीत जास्त 25 सेंटिमीटर लांब आणि 18 सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर सगळं अंग. पुढे डाव्या गुडघ्यावर कोपर. गुडघ्याच्या टोकापासून कोपर 100 मिलिमीटर पुढे किंवा 150 मिलिमीटर मागे, इतकीच मुभा. इथे पट्ट्याचं काम बदलतं. आडव्या स्थितीत त्याच्या मागे जमीन असते. गुडघ्यावर मागे फक्त आपण असतो, डुलणारे, पाय हळूहळू बधिर होत जाणारे. पट्ट्याने जास्त ओढलं तर तो आपल्यालाच पुढे ओढतो. आडव्या स्थितीचं भोक इथे चालत नाही, हँडस्टॉपची जागाही नाही, म्हणून दोन्हीचे आकडे वहीत वेगवेगळे. नुसते आकडेही पुरत नाहीत. चामडं घामाने आणि उन्हाने ताणलं जातं, काल सातव्या भोकावर जे होतं ते आज सातव्यावर नसतं. स्वेटशर्ट धुतला की तो जरा पातळ वाटतो. सिंथेटिक पट्टा ताणला जात नाही हे खरं, पण ताणलं जाणारं दुसरं एक आहेच, ते म्हणजे आपण. माझी वही "सातवं", "सातवं, पण हँडस्टॉप 2 मागे", "सातवं का?? बघ" अशा नोंदींनी भरलेली आहे. तिच्यातून कुणाला काही शिकता येईल असं वाटत नाही.

पट्टा मुळात रायफल खांद्याला अडकवून चालायला होता. चालणाऱ्या कुणीतरी तो थांबल्यावर दंडाला गुंडाळून बघितला असेल. अमेरिकी सैन्याच्या 1907 च्या नमुन्याच्या चामडी पट्ट्यात तर ही सोय उघडच होती: दोन तुकडे, एकीकडे भोकांची रांग, त्यांत अडकणारे पितळी आकडे, वरचा फास दंडात घातला की नेमासाठी आणि लांब केला की खांद्यावर. आज आमच्या रायफलीला खांद्यावर टाकून कुणी दहा पावलंही जात नाही, ती पेटीत बसून फिरते. वाहून नेण्याचं काम गेलं, दंडाचं तेवढं उरलं, आणि दोन टोकांचा पट्टा एका टोकाचा झाला.

आजोबांना काय सांगावं हे मला आता थोडंफार ठाऊक आहे. पट्टा वजन उचलतो, हे मान्य. कौतुक असलंच तर ते एवढंच की त्याला उचलू द्यायचं. कुणी करून बघितल्याखेरीज हे वाक्य फुकट आहे, हेही मला कळतं. त्यामुळे सांगेनच असं नाही. त्यांची नात मात्र चांगली मारते. परवा तिच्या शेजारच्या लेनवर होते तेव्हा बघितलं, बोटं मोकळी होती.

बाकी आमच्यातही सगळं ठरलेलं नाहीच. मी कडं वर, खांद्यापाशी लावते आणि माझी एक मैत्रीण कोपराच्या वर चार बोटांवर. ती म्हणते वर लावलं की खांदा ओढला जातो. मी म्हणते खाली लावलं की मला कोपरात कळ येते. यावर आम्ही अनेकदा भांडलो आहोत, एकमेकींचे पट्टे लावूनही बघितले आहेत, आणि दोघींनीही ते पाच-सहा शॉट्सच्या आत काढून परत दिले आहेत. गुण तिचे माझ्यापेक्षा बरे असतात. मी अजूनही वरच लावते. सध्या सातव्या आणि आठव्या भोकाच्या मध्ये एक भोक पाडून घ्यावं का, हा विचार चालला आहे. तिचं म्हणणं, हँडस्टॉप हलव आणि गप्प बस.